माकडहाडाच्या वरचं हाड

या अंकाचा विषय 'परिभाषा' ठरला तेव्हा मंडळातल्या बाकीच्यांनी कायद्याची, बँकेची, संगणकाची परिभाषा वाटून घेतली. वैद्यकाची मी मागून घेतली. मी साहित्याची विद्यार्थिनी, जीवशास्त्राशी संबंध दहावीनंतर संपला. पण गेली दोन वर्षं एका हाडाबद्दल आणि त्यात होणाऱ्या एका दुर्मिळ गाठीबद्दल मी जितकं वाचलंय तितकं परीक्षेसाठीसुद्धा वाचलं नसेल. कारण घरचं आहे, आणि त्यात माझी एक चूकही आहे. ती पुढे येईलच.

माझी मावशी खानापूर तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, लग्नाच्या सीझनला नवरीचे पांढरे फ्रॉक. वय सत्तावन. दिवसाचे सात-आठ तास मशीनपुढच्या लाकडी स्टुलावर. दोन वर्षांपूर्वीच्या लेंटमध्ये आमच्या लक्षात आलं की मिस्साच्या वेळी फादरांचं प्रवचन सुरू झालं, सगळे बाकावर बसले, की मावशी उठून मागे जाते आणि भिंतीला टेकून उभी राहते. गुडघे टेकायच्या वेळी मात्र सगळ्यात आधी टेकते आणि सगळ्यात उशिरा उठते. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, काहीतरी नवस बोललेली दिसते. मम्मीलाही तसंच वाटलं. पुढे पुढे ती बेळगावला येताना बसमध्ये जागा असूनही उभी राहायला लागली, तेव्हा आम्ही विचारलं. म्हणाली, "काय नाही गं, बसलं की जरा दुखतंय. उभारलं की बरं वाटतंय."

या एका वाक्यात निदानाचा अर्धा धागा होता, हे आज कळतं. कंबरेच्या मणक्यांमधली चकती सरकून होणारं दुखणं बसल्यावर वाढू शकतं, पण ते बहुतेक वेळा वाकताना, ओझं उचलताना, खोकतानाही वाढतं आणि पायात उतरतं. मावशीचं दुखणं पायात उतरत नव्हतं. ते एकाच जागी होतं, अगदी मधोमध, आणि बूड टेकलं की सुरू व्हायचं. पण 'बूड' हा शब्द मावशीने डॉक्टरांपुढे उच्चारला नाही. ती 'कंबर' म्हणाली. आमच्याकडे कंबर हा शब्द फार लांब-रुंद आहे. बरगड्यांच्या खालून मांड्यांच्या वरपर्यंत काहीही दुखलं तरी बाईमाणसाची कंबरच दुखते.

कंबर म्हटल्यावर कंबरेचा एमआरआय झाला. रिपोर्ट आला: चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली. दुखण्याला कारण सापडलं, सगळ्यांना हायसं वाटलं. इथे अभ्यासाचा पहिला मुद्दा येतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तीन हजारांहून जास्त माणसांचा. त्यात पन्नाशीच्या लोकांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या चकत्या अशा फुगलेल्या निघाल्या. म्हणजे पांढऱ्या केसांसारखंच ते. स्कॅनमध्ये दिसलेली गोष्ट खरी असते, पण दुखण्याचं कारण तीच असेल असं नाही.

दुसरा मुद्दा चौकटीचा. कंबरेचा एमआरआय काढतात तेव्हा चित्राची खालची कड साधारणपणे त्रिकास्थीच्या वरच्या एक-दोन मणक्यांपाशी संपते. त्रिकास्थी म्हणजे कंबरेचे मणके संपले की खाली जे त्रिकोणी, आतून खोलगट हाड लागतं ते. लहानपणी त्याचे पाच मणके सुटे असतात, विशी-पंचविशीपर्यंत जुळून एक होतात. त्याच्या टोकाला माकडहाड. मावशीच्या पहिल्या एमआरआयमध्ये त्रिकास्थीचा खालचा अर्धा भाग आणि माकडहाड नव्हतंच. फोटोत जे आलंच नाही त्याबद्दल रिपोर्ट काय बोलणार! साध्या एक-रेमध्येही हे हाड धड दिसत नाही. ते वक्र आहे आणि समोर आतड्यातला वायू आणि मळ यांची सावली पडते. मोठी पोकळी असूनही नजरेतून सुटावी, अशी ही जागा आहे.

या हाडाचं इंग्रजी नाव सेक्रम. लॅटिन 'ओस साक्रुम', म्हणजे पवित्र हाड, आणि ते ग्रीक 'हिएरॉन ऑस्तिऑन'चं भाषांतर. सेक्रमेंट, सॅक्रिफाइस, सेक्रम सगळे एकाच कुळातले शब्द. पवित्र का, यावर मतं निरनिराळी. कोणी म्हणतं यज्ञात हा भाग देवाला वाहत, कोणी म्हणतं हे हाड सगळ्यात उशिरा कुजतं म्हणून पुनरुत्थानाशी त्याचा संबंध जोडला, कोणी म्हणतं ग्रीक शब्दाचा एक अर्थ 'मोठं, भक्कम' असा होता आणि भाषांतरात तो हरवला. मला हा तिसरा तर्क आवडतो. भाषांतरात काय काय हरवू शकतं याचा अनुभव मला स्वतःला आहे.

तर माझी चूक. ऑक्टोबरमध्ये मावशीला घेऊन मी बेळगावात एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर कन्नड भाषक, इंग्रजी उत्तम, मराठी जेमतेम. "नोवु इदेया?" एवढं विचारून ते माझ्याकडे वळले आणि पुढचं सगळं इंग्रजीत. सीमाभागात हे रोजचंच आहे, दवाखान्यात घरातलं शिकलेलं पोर दुभाषी असतं. त्यांनी प्रश्न बरोबर विचारले, हे मला आज मान्य करायलाच हवं. त्यातला एक असा होता: शौचानंतर धुताना तिथली त्वचा बधिर वाटते का, स्पर्श कळतो का? खोलीत आणखी एक पेशंट आणि त्याचा मुलगा बसलेला. मी एकोणीस वर्षांची. मावशीने मला फर्स्ट कम्युनियनचा फ्रॉक शिवून दिलेला. मी तिला विचारलं, "पायाला मुंग्या येतात का गं?"

ती म्हणाली, "नाही."

मी डॉक्टरांना म्हणाले, "नो."

नंतर त्यांनी गुदमार्गातून बोटाने तपासणी करावी लागेल असं सुचवलं. त्याचं मी भाषांतर केलं, पण इतकं घुटमळत आणि अशा सुरात, की मावशीने लगेच मान हलवली. पुढच्या वेळी बघू म्हणाली. चकतीच्या गोळ्या, कंबरपट्टा आणि व्यायाम घेऊन आम्ही परत आलो. बद्धकोष्ठ वाढत गेलं तसं घरातल्या घरात मूळव्याध ठरवून इसबगोल सुरू झालं. पुढची वेळ आठ महिन्यांनी आली.

तो प्रश्न इतका महत्त्वाचा का होता? त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि त्यांतून मज्जातंतू बाहेर पडतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जोडीकडे मूत्राशय, गुदद्वाराचे स्नायू आणि घोड्यावर बसल्यावर खोगीर जिथे टेकतं तेवढ्या त्वचेची संवेदना, ही कामं असतात. पायाचा त्यात फारसा संबंध नाही. म्हणून खालच्या त्रिकास्थीत गाठ असलेला माणूस तुरुतुरु चालू शकतो, जिना चढू शकतो, पायाला मुंग्या येत नाहीत, आणि तरीही त्याला लघवी अडणं, मलावरोध, बसायच्या जागी बधिरपणा असू शकतो. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' हेच येणार होतं. मी प्रश्नच दुसरा विचारला.

जूनमध्ये एका डॉक्टरबाईंनी तपासलं. मराठी बोलणाऱ्या, वयस्कर. त्यांनी मला बाहेर बसवलं, पडदा ओढला आणि सरळ विचारलं, "बसायच्या जागेला हात लावलेला कळतो का? धुताना कळतं का?" बाहेर मला ऐकू आलं, मावशी म्हणाली, "कळत नाही. कधीपासनं कळत नाही." तपासणीला दोन मिनिटं लागली. बोटाला मागच्या बाजूला, आतड्याच्या भिंतीपलीकडे, टणक गोळा लागला. आतड्याचं अस्तर त्याच्यावरून मोकळं सरकत होतं, म्हणजे गाठ आतड्यातली नव्हती, हाडाकडून पुढे आलेली होती. हजारो रुपयांच्या स्कॅनला जे दिसलं नव्हतं ते एका हातमोज्यातल्या बोटाला कळलं. मग त्यांनी चिठ्ठीवर ठळक लिहिलं: संपूर्ण सेक्रम आणि कॉक्सिक्सचा एमआरआय. 'संपूर्ण'खाली दोन रेघा.

या चित्रात त्रिकास्थीच्या खालच्या भागात मधोमध साडेसहा सेंटीमीटरची गाठ दिसली, फुग्यांचा घोस असावा तशी गोलगोल उंचवट्यांची. एमआरआयच्या एका प्रकारात, ज्याला टी-टू म्हणतात आणि ज्यात पाणी पांढरं दिसतं, ती लख्ख पांढरी होती. रिपोर्टच्या शेवटी शब्द होता: कॉर्डोमा, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

आता त्या प्रश्नचिन्हाबद्दल. त्रिकास्थीत गाठ दिसली की सगळ्यात आधी डोक्यात यायला हवं ते दुसरीकडच्या कर्करोगाचं पसरणं, कारण तेच सर्वांत जास्त आढळतं. मग मायलोमा. आपल्याकडे क्षयही विसरून चालत नाही. मूळ हाडातल्याच गाठींत जायंट सेल ट्यूमर हा मोठा प्रतिस्पर्धी, पण तो बहुधा वीस ते चाळीस वयात, त्रिकास्थीच्या वरच्या भागात आणि एका बाजूला असतो. कूर्चेचा कर्करोग, कॉन्ड्रोसार्कोमा, तोही शक्यतो मधली रेघ सोडून. मज्जातंतूंच्या गाठी तंतूंची भोकं रुंद करत वाढतात. कॉर्डोमा मात्र मधली रेघ धरून असतो. वय, उंची, डावं-उजवं. डॉक्टर नकाशा वाचावा तसं हे वाचतात. मला हे सगळं एखाद्या अनामिक हस्तलिखिताचा कर्ता शोधण्यासारखं वाटलं. काळ कुठला, प्रदेश कुठला, अमुक शब्द वापरणारे कोण, असं करत नावं गाळत जायचं. फरक इतकाच की तिथे चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती छापता येते.

कॉर्डोमा मधली रेघ का धरतो याचं उत्तर आपल्या जन्माच्या फार आधीचं आहे. शाळेच्या पुस्तकात 'पृष्ठरज्जू' हा शब्द वाचल्याचं आठवत असेल. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत पाठीच्या मधोमध एक लवचीक दांडी तयार होते, तीच ही. पुढे तिच्याभोवती मणके तयार होतात आणि तिचं काम संपतं. तिचा काही अंश मणक्यांमधल्या चकत्यांच्या गाभ्यात राहतो. काहींच्या शरीरात मात्र तिच्या पेशींचे बारीक अवशेष हाडांत राहून जातात, विशेषतः दोन टोकांना, कवटीच्या तळाशी आणि त्रिकास्थी-माकडहाडापाशी. बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. फार थोड्या माणसांत, दर दहा लाखांत वर्षाला साधारण एक, त्यांची गाठ होते. हाडातच सुरू होणाऱ्या कर्करोगांत शंभरातले एक ते चारच कॉर्डोमा असतात. म्हणून बऱ्याच डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो, आणि यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही.

प्रश्नचिन्ह पुसायला बायोप्सी हवी. इथे एक धोक्याची जागा आहे. बोटाला गाठ आतड्यातून लागते, म्हणून तिथूनच सुई घालून तुकडा घेणं सोपं वाटतं. पण तसं करायचं नसतं. सुई ज्या वाटेने जाते त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात, आणि मग ती वाटही ऑपरेशनमध्ये कापून काढावी लागते. आतड्यातून सुई घातली तर आतड्यालाही धोका पोचतो, जे गाठीने स्वतः भेदलेलं नव्हतं. म्हणून सुई पाठीमागून, मधल्या रेघेजवळून, सीटी स्कॅनमध्ये बघत घालतात, आणि पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी बोलूनच जागा ठरवतात. डॉक्टरबाईंनी आम्हाला निक्षून सांगितलेलं: जिथे ऑपरेशन होणार तिथेच बायोप्सी, वाटेत कुठेही नाही. आम्ही मुंबईची गाडी धरली.

त्या हॉस्पिटलातल्या एका पॅथॉलॉजिस्टनी, मी फारच प्रश्न विचारते म्हणून असेल, मला सूक्ष्मदर्शकातून काच बघू दिली. निळसर, चिकट दिसणाऱ्या पार्श्वभूमीवर पेशींच्या माळा, आणि काही पेशींच्या पोटात बुडबुडेच बुडबुडे. साबणाच्या पाण्यात फुंकर मारल्यासारखे. त्यांना फिझॅलिफोरस पेशी म्हणतात, ग्रीकमध्ये 'बुडबुडे वाहणाऱ्या'. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांनी १८५७ मध्ये दिलं. गंमत अशी की वर्णन अचूक करूनही त्यांना ती कूर्चेची वाढ वाटली. पुढच्याच वर्षी हाइनरिश म्युलर यांनी तिचा संबंध पृष्ठरज्जूशी जोडला, आणि १८९०च्या दशकात हुगो रिबर्ट यांनी सशाच्या चकतीला टोचून तिचा गाभा बाहेर येऊ दिला, तेव्हा तशाच दिसणाऱ्या पेशी वाढल्या. कॉर्डोमा हे नाव त्यांचं.

पण नुसते बुडबुडे पुरेसे नाहीत, कूर्चेच्या कर्करोगाशी गल्लत होऊ शकते. आज निर्णय ब्रॅकियुरी नावाच्या प्रथिनाच्या रंगपरीक्षेवर येतो. हे प्रथिन पृष्ठरज्जू घडवतं. कॉर्डोमाच्या पेशींत ते सापडतं हे २००६ मध्ये दाखवलं गेलं, आणि कूर्चेच्या गाठीत ते सापडत नाही. नावाचा अर्थ काय? 'आखूड शेपटी'. १९२७ मध्ये पॅरिसमध्ये काम करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ नादिन दोब्रोवोल्स्काया-झावाद्स्काया यांना आखूड शेपटीचे उंदीर आढळले. त्यांच्यात ज्या जनुकाची एक प्रत बिघडलेली होती, त्याला पुढे हे नाव मिळालं. शेपटीचा जनुक आणि आपल्या माकडहाडाजवळची गाठ! मराठीने या भागाला माकडहाड म्हणताना ही जोडणी कितीतरी आधी करून ठेवलीय, असं म्हणायचा मोह मला होतो.

मावशीच्या काचेवर तो रंग पेशींच्या केंद्रकात तपकिरी उमटला. प्रश्नचिन्ह गेलं.

मग पुन्हा भाषांतर. आता रिपोर्ट माझ्या हातात आणि मावशी समोर. 'ट्यूमर'ला गाठ म्हणता येतं, पण गाठ ब्लाऊजच्या दोऱ्यालाही असते. 'मॅलिग्नंट'ला कोशात मारक असं आहे, ते कोण बोलणार? मी सरळ सांगितलं, "मावशी, कॅन्सर आहे. हळू वाढणारा आहे, दुसरीकडे गेलेला दिसत नाही. कापून काढावा लागणार. मूत्र आणि शी यांच्या नसा तिथून जातात, त्यातल्या काही जाणार." 'शी' म्हणाले मी, लहान मुलांचा शब्द, पण म्हणाले. तिने विचारलं, "मशीनवर बसता येईल का?" सर्जनना विचारून सांगते म्हटलं, आणि या वेळी जसं विचारलं होतं तसंच विचारलं.

उपचाराबद्दल थोडक्यात. नेहमीच्या केमोथेरपीला ही गाठ सहसा दाद देत नाही. आजूबाजूचं निरोगी आवरण ठेवून ती अखंड, न फोडता काढणं हा मुख्य मार्ग, आणि गरजेप्रमाणे वरून किरणोपचार. मज्जातंतूंची दुसरी जोडी आणि तिसऱ्या जोडीतला निदान एक तंतू वाचला तर मूत्राशय आणि शौचावरचा ताबा बऱ्याच जणांचा बऱ्यापैकी टिकतो. मावशीची दुसरी जोडी वाचली, तिसऱ्यातला उजवा वाचला. ऑपरेशनला आता दहा महिने झाले. दर काही महिन्यांनी स्कॅन आहे आणि तो वर्षानुवर्षं राहणार, कारण ही गाठ उशिरानेही परत येऊ शकते.

मी सर्जनना एकदा एकटी गाठून विचारलं होतं, ते आठ महिने वाचले असते तर तिसऱ्या जोडीतला डावा तंतूही वाचला असता का? ते म्हणाले, ही गाठ सावकाश वाढते, आणि पहिल्या स्कॅनमध्ये तो भाग नसल्यामुळे तुलना करायला काही नाही.

लेख पाठवण्याआधी मी मावशीला वाचून दाखवला. ती कापायच्या टेबलाशी उभी होती. बसायला तिने स्वतःच एक उशी शिवली आहे, मागची बाजू घोड्याच्या नालेसारखी कापलेली, त्यावर ती आता तासभर बसते. माझ्या चुकीचा भाग आला तेव्हा मी वाचताना अडखळले. ती चॉकने कापडावर रेघ मारत होती. म्हणाली, "तू विचारलं असतंस तरी मी तेव्हा नाहीच म्हटलं असतं की गं. त्या माणसासमोर कोण सांगणार?" मग थोड्या वेळाने, "आणि ते 'बधिर' काय लिवलंस? बधिर म्हणजे कानाचं. 'मेलेलं' लिही. मला तिथं मेलेलंच वाटत होतं."

मी 'बधिर' तसंच ठेवलंय, कारण कोशात ते आहे. पण तिचा शब्दही इथे नोंदवून ठेवते.